चाकांची झाकणं

मामाच्या घरात पाच माणसं होती आणि मी सहावी. जेवायला बसताना मामी पाच ताटं भिंतीला धरून ओळीत मांडायची आणि माझं चुलीच्या अंगाला. त्यात दुजाभाव नव्हता. ओळीत जागाच तेवढी होती, आणि भाकरी द्यायला-घ्यायला मी हाताशी बरी पडायचे. मामी वाईट बाई नव्हती हे आधीच लिहून ठेवते, कारण अशा आठवणी वाचताना मामीला वाईट ठरवायची सगळ्यांना घाई असते. ती माझ्या केसांना तेल लावायची, दर शनिवारी, तिच्या तीन मुलांच्या आंघोळी उरकल्या की. फक्त तेल लावताना बोलायची नाही. मुलांशी बोलून बोलून तिचं बोलणं तोवर संपलेलं असायचं.

मामाच्या गावी, वडिवळ्यात, तेव्हा फार आवाज नसायचे. धरणाच्या सांडव्याकडून पाणी वाजायचं ते पावसाळ्यानंतर हळूहळू कमी होत जायचं. वारा तिकडचा असला तर कामशेतवरून गाडीची शिट्टी यायची. भात कापून झालं की आठ-दहा दिवस खळ्यावर झोडपणी चालायची, फळीवर पेंढ्या आपटल्याचा एकसारखा आवाज, आणि घरभर पेंढ्याची धूळ. त्या दिवसांत रात्रीचं जेवण म्हणजे नवा भात, वर खेकड्यांचा तिखट रस्सा. नव्या भाताचा वास असा असतो की भूक नसलेला माणूसही पाटावर येऊन बसतो. आता मी तळेगावात राहते, तांदूळ दुकानातून आणते, पिशवीवर वासाबद्दल काहीबाही छापलेलं असतं. मी ते वाचते आणि पिशवी डब्यात ओतते.

आई मी तीन वर्षांची असताना गेली. अण्णा, म्हणजे माझे वडील, गाडीवर असायचे. आधी ट्रक, मग मुंबईच्या एका साहेबांकडे. वर्षातून दोनदा ते एसटीने यायचे, ओटीवर मामाजवळ बसून चहा प्यायचे, पिकापाण्याचं बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जायचे. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. तो हात किती वेळ राहतो ते मी मनात मोजायचे. नव्या साहेबांकडे लागल्यावर मामाने ओटीवर सगळ्यांना सांगितलं होतं, "साधी गाडी न्हाई ती. घराची गाडी हाय. आतच झोपायचं, आतच शिजवायचं, न्हाणीबी आतच. सायब आन् बाई म्हयना-म्हयना हिंडत्यात." शेजारचे आबा म्हणाले होते, "मग घर कशाला बांधलं म्हनावं त्येंनी?" आणि सगळे हसले होते. मी हसले नाही. ज्या घरात माझे वडील राहतात ते घर चालतं, ही गोष्ट मला खूप दिवस पुरली.

मी सातवीत असताना, झोडपणी अर्ध्यावर आलेली, मामाचा मधला मुलगा धावत खळ्यावर आला आणि ओरडला की धरणावर बसएवढी पांढरी गाडी आलीय, तिला खिडक्यांना पडदे आहेत. मी हातातली पेंढी टाकली. मामाने हाक मारली ती ऐकली, पण थांबले नाही. बांधावरून, मग पाण्याकडे उतरणाऱ्या वाटेने मी पळत गेले. गाडी पाण्याच्या कडेला माळावर उभी होती. पांढरी, अंगावर निळा पट्टा, आणि चारही चाकांवर चकचकीत पोलादी झाकणं, परातीएवढी, त्यांवर गोलाकार बसवलेल्या नटांच्या टोप्या. ऊन त्यांच्यावर पडून डोळ्यांत येत होतं. अण्णा मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. मी तोंड उघडलं, आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग गाडीच्या दाराकडे, आणि परक्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "ए पोरी, हितं पियाच्या पान्याची हीर कुटं हाय?"

मला वाटलं त्यांनी मला ओळखलं नाही. सात-आठ महिन्यांत मी उंच झाले होते. दाराशी एक बाई उभ्या होत्या, केस पिकत आलेले, चष्मा, अंगावर सुती साडी. त्या म्हणाल्या, "अहो, लहान आहे ती, नीट विचारा." अण्णांनी कळशी उचलली आणि मला पुढे चालायला खुणावलं. विहिरीचा रस्ता अर्ध्यावर आला, गाडी झाडांमागे गेली, तेव्हा ते थांबले. कळशी खाली ठेवली. "सुमे," म्हणाले, "चार-पाच दिस हाय मी हितं. तितं मला अण्णा म्हनू नगंस."

मी का म्हणून विचारलं नाही. तेच सांगायला लागले. साहेबांना मागे घरदार नसलेला ड्रायव्हर हवा होता. आधीचे दोघं सारखी रजा मागायचे, एकाने तर मुलगा आजारी म्हणून गाडी अर्ध्या वाटेत सोडली होती. तेव्हा कामावर ठेवताना साहेबांनी विचारलं, घरी कोण कोण? अण्णांनी सांगितलं, बायको वारली, दुसरं कुणी नाही. "त्या वक्ताला ट्रक सुटलेला. तोंडातून निघून गेलं," ते म्हणाले. "मग माघारी घेता येईना. आता साहेब कोकणात निगालेत. म्या म्हनलं, वाटंत एक धरन हाय, लय निवांत जागा. तुला बघायचं म्हनून आनलीय मी गाडी हितं."

हे ऐकून मला काय वाटलं, ते आज नीट सांगता येत नाही. आनंद झाला होता, एवढं आठवतं. माझ्यासाठी कुणी एवढी मोठी गाडी वाट वाकडी करून आणली होती. मी मान हलवली. विहिरीवर त्यांनी पाणी शेंदलं आणि भरलेली कळशी मी डोक्यावर घेतली, कारण रिकाम्या हाताने गावातली मुलगी परत कशी जाईल? अण्णा मागून चालत होते. उतारावर म्हणाले, "पाय जपून टाक." तेवढंच.

दोन दिवस मी पाणी भरलं. बाईंना मामीने करून दिलेल्या तांदळाच्या भाकरी नेऊन दिल्या. बाई मला गाडीत घेऊन गेल्या आणि सगळं दाखवलं. भिंतीत घडी होणारं टेबल, खुर्च्यांचा होणारा पलंग, एवढंसं मोरीचं कपाट. अण्णांची जागा कुठे, ते मी विचारलं नाही, पण ड्रायव्हरच्या आसनामागे एक आखूड फळी होती आणि तिच्यावर गुंडाळलेली त्यांची राखाडी घोंगडी मी ओळखली. आमच्याच घरची होती ती, आईच्या वेळची. बाई म्हणाल्या, "हे आमचे ड्रायव्हरकाका इथे झोपतात. बिचाऱ्यांना कुणी नाही." मी घोंगडीकडे बघत उभी राहिले. बाहेर अण्णा काच पुसत होते, त्यांचा हात काचेवर गोल फिरत होता, आणि आमच्या मध्ये फक्त ती काच होती. मामीला मी घरी काही सांगितलं नाही. मामाला मात्र अण्णा पहाटे येऊन भेटून गेले होते. मामाने घरात सगळ्यांना बजावलं, धरणावर कुणी फिरकायचं नाही, फिरकलंच तर अण्णांना पाव्हणा म्हणायचं नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांना धरणाच्या पलीकडच्या अंगाला गाडी हलवायची होती. गाडी जरा पुढे गेली आणि मागच्या डाव्या चाकातून टक टक असा आवाज यायला लागला. वेग वाढला की आवाज बंद, हळू झाली की पुन्हा टक टक. अण्णांनी गाडी थांबवली. साहेब खाली उतरले. उंच, अबोल माणूस, गळ्यात दुर्बीण. ते म्हणाले, "खडा अडकला असेल. कामशेतपासून वाजतंय." अण्णा म्हणाले, "साहेब, झाकण काढून बघायला पाहिजे." साहेबांना ते आवडलं नाही. ती झाकणं त्यांनी मुद्दाम बाहेरून मागवलेली होती, एकदा काढताना ओरखडा पडला होता, तेव्हापासून वर्षभर कुणी त्यांना हात लावला नव्हता. अण्णा एरवी साहेबांपुढे मान खाली घालून असायचे, पण त्या दिवशी म्हणाले, "झाकण काढल्याबिगर मी गाडी घाटात घालणार नाही." साहेब झाकणावरून हात फिरवत म्हणाले, "बरं. पण जपून."

ती दुपार मला अजून तशीच्या तशी दिसते. साहेब झाडाखाली पक्षी बघत बसले, बाई आत झोपल्या, आणि मी व अण्णा त्या चाकापुढे पोतं टाकून शेजारी शेजारी बसलो. इतका वेळ मी त्यांच्याजवळ कधीच बसले नव्हते, ना आधी, ना नंतर बरीच वर्षं. झाकणावर आठ नट दिसत होते. अण्णांनी मला पाना दिला आणि म्हणाले, "वाजवून बघ एकेक." मी वाजवलं. सहा नट डब्यासारखे वाजले. दोन मात्र घट्ट, आवाज आत न जाणारे. "त्ये सहा शोभंचे," अण्णा म्हणाले, "नुसता पत्रा दाबून केलेले. त्येंच्याखाली काय न्हाई. झाकान धरलंय ह्या दोघांनी. चुकून शोभंच्या नटाला पाना लावला की पत्रा फाटतो." त्यांनी पान्याला फडकं गुंडाळलं आणि ते दोन नट काढले. तरी झाकण हलेना. वर्षभराचा चिखल आत शिरून वाळला होता, कडेला गंज धरला होता.

झाकणाला कडेने लांबट भोकं होती. अण्णांनी बोटं घालून बघितली, त्यांचा पंजा आत जाईना. मग माझ्याकडे बघितलं. माझा हात मनगटाच्या वरपर्यंत आत गेला. आत गार होतं आणि बोटांना ओलसर माती लागत होती. "कडंच्या आत रॉकेलचा बोळा फिरव," ते म्हणाले, "हळू. कड धारंची हाय." मी बोळा फिरवला. ते बाहेरून तळहाताने झाकणाच्या कडेवर थोपटत राहिले, भाकरी थापताना मामीचा हात फिरतो तसे गोल गोल. मी आतून ढकलायचे, ते बाहेरून थोपटायचे. मध्येच त्यांनी विचारलं, "शाळंत काय शिकवत्यात?" मी म्हणाले, "अपूर्णांक." ते म्हणाले, "अवघड हाय का?" मी म्हणाले, "न्हाई." पुन्हा बराच वेळ थोपटणं. मग, "मामी बरी वागती न्हवं?" मी म्हणाले, "व्हय." आणखी काही विचारावं असं त्यांना वाटत होतं, ते मला त्यांच्या श्वासावरून कळत होतं, आणि काय विचारायचं हे त्यांना सुचत नव्हतं. मलाही सुचत नव्हतं. झाकण निघू नये असं मात्र मला वाटायला लागलं. मी आतून ढकलायचं सोडून नुसता हात टेकवून ठेवला. त्यांच्या लक्षात आलं असावं, पण ते थोपटत राहिले.

शेवटी ते निघालं. पोत्यावर पडलं, आणि त्यातून काहीतरी लोखंडाचं घरंगळून माझ्या पायाशी आलं. चाकाच्या बोल्टाचा तुटका तुकडा, नटासकट. तोच झाकणाच्या आत इकडून तिकडे पडून वाजत होता. अण्णा चाकाकडे वाकले. एक बोल्ट मुळापासून गेलेला. शेजारच्या दोन नटांच्या खाली गंजाचे तांबडे ओघळ आलेले. त्यांनी एका नटाला नुसती बोटं लावली आणि तो फिरला. बोटांनी. मी त्यांचा चेहरा बघितला. "ह्ये वघळ बघ," ते म्हणाले, अगदी हळू. "नट सैल पडला की असं दिसतं. झाकनानं दिसलं न्हाई." मग साहेबांना हाक मारली. साहेबांनी बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. "घाटात काय झालं असतं?" त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "चाक गेलं असतं, साहेब."

संध्याकाळपर्यंत आम्ही बाकीची तीनही झाकणं काढली. बाकी चाकं ठीक होती. मी झाकणं धरणावर नेऊन धुतली आणि पेंढ्यावर पालथी घालून वाळत ठेवली. गावातली दोन म्हातारी माणसं ती बघायला मुद्दाम आली आणि एकाने विचारलं, "एवढी मोठी ताटं कोनाची गं?" झाकणं निघाल्यावर ती गाडी कुठल्याही मालट्रकसारखी दिसायला लागली. बाईंनी नाक मुरडलं. साहेब म्हणाले, "राहू दे तशीच. नट डोळ्यांसमोर असलेले बरे."

नवा बोल्ट लोणावळ्याला मिळणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा निघाले आणि साहेबांना म्हणाले, "ह्या मुलीच्या मामाची तिथल्या दुकानदाराशी ओळख आहे. हिला बरोबर नेतो, लवकर काम होईल." मामाची कुणाशी काही ओळख नव्हती. साहेब म्हणाले, "तिच्या घरी विचारा फक्त." आम्ही कामशेतपर्यंत जीपने गेलो आणि तिथून लोकलने लोणावळ्याला. सकाळची, पुण्याच्या गर्दीच्या उलट दिशेची गाडी, डबा जवळजवळ रिकामा, चिक्कीची पोती घेतलेला एक माणूस झोपलेला. मी खिडकीशी बसले, अण्णा समोर. आता साहेब नव्हते, बाई नव्हत्या, आणि मी "अण्णा" म्हणू शकत होते. मळवली आली, गेली. म्हणायला काही कारणच सापडेना. उगाच हाक कशी मारणार? तीन दिवस गिळलेला शब्द घशाशी यायचा आणि तिथेच बसायचा.

दुकान बाजाराच्या मागच्या अंगाला होतं. दुकानदार जाडसा, बोलका. तुटका तुकडा हातात घेऊन त्याने तीन डबे उपसले, बोल्ट काढला, आणि कागदात बांधता बांधता माझ्याकडे बघून म्हणाला, "पोरगी का? तोंडावळा डिट्टो तुमचाच." अण्णांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कोण असणार होतं? एक टांगेवाला होता आणि छत्री घेऊन उभ्या असलेल्या दोन बायका. मग ते म्हणाले, "व्हय. माझीच." दुकानदाराने मला बरणीतून एक गोळी दिली. ते "व्हय" मला पुष्कळ दिवस पुरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला "व्हय"पेक्षा ते मागे वळून बघणं जास्त लक्षात राहिलं. गोळी मी तोंडात घातली नाही, मुठीत धरून ठेवली, ती कामशेतपर्यंत चिकट झाली. अण्णांनी स्टेशनवर शेंगदाण्याची चिक्की घेतली आणि म्हणाले, "मामीच्या पोरांस्नीबी दे." मी म्हणाले, "व्हय." परत येताना ते झोपले. झोपेत त्यांचं डोकं खिडकीवर आदळत होतं. मी त्यांना उठवलं नाही, हाक मारावी लागली असती.

चाक दुपारी बसलं. अण्णा पान्यावर उभे राहून नट आवळत होते आणि मी एकेक नट त्यांच्या हातात देत होते. बाई खुर्ची टाकून बघत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "किती चटपटीत मुलगी आहे. काल हिचा हात नसता तर ते झाकण निघालंच नसतं. अहो, आपण हिला नेऊ या का बरोबर? मला हाताखाली होईल, मी शिकवीनसुद्धा हिला." साहेब म्हणाले, "तिच्या घरचे?" अण्णांचा पाना नटावरून सटकला. ते चाकाकडे बघतच म्हणाले, "घरचे सोडायचे नाहीत, बाई." बाई म्हणाल्या, "विचारायला काय हरकत आहे? चला, आत्ताच जाऊ."

आज वय झाल्यावर मला त्या प्रस्तावातली सगळी गुंतागुंत दिसते. त्या वेळी मला एवढंच कळलं की मी हो म्हटलं तर मला त्या गाडीत राहता येईल, जिथे अण्णा राहतात. भांडी घासावी लागतील, बाईंचे पाय चेपावे लागतील, त्याचं मला काही नव्हतं. रोज सकाळी उठले की ते दिसतील. आणि रोज त्यांना ड्रायव्हरकाका म्हणावं लागेल. वाटेवर मी बाईंच्या पुढे चालत होते आणि या दोन गोष्टी माझ्या डोक्यात आळीपाळीने येत होत्या.

मामी ओटीवर तांदूळ पाखडत होती. बाईंना बघून तिने पदर सावरला, घोंगडी अंथरली. मामा खळ्यावरून आला. अण्णा अंगणात कुडाला टेकून उभे राहिले, हात मागे बांधून. बाईंनी नीट, गोड शब्दांत सगळं सांगितलं. शिक्षण करीन, कपडेलत्ते करीन, सणाला आणून सोडीन. मामी ऐकत होती. तिच्या तोंडावर मला पहिल्यांदाच काहीतरी हललेलं दिसलं, ते सुटका होतेय म्हणून होतं की जीव तुटतोय म्हणून, कोण जाणे. ती म्हणाली, "आमी काय सांगनार, बाई? पोरगी आमची न्हवं. नंदेची. तिच्या बापाला..." आणि तिची नजर सरळ कुडाकडे गेली. मामा खाकरला. मामी थांबली.

बाई माझ्याकडे वळल्या. "वडील कुठे असतात गं तुझे?"

अंगणात कोंबड्या टाकलेल्या तांदळावर चोची मारत होत्या. मी अण्णांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. जमिनीकडेही नाही. कुडाच्या पलीकडे, रस्त्याकडे, लोणावळ्याच्या दुकानात बघितलं होतं तसे. मी म्हणाले, "न्हाईत."

"अरेरे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी लगेच पुढे म्हणाले, "आन् मला यायचं न्हाई. मी हितंच ऱ्हानार." मामी सूप खाली ठेवून आत गेली. बाईंनी थोडं समजावलं, मग "बरं बाळ" म्हणाल्या. जाताना अण्णा माझ्याजवळून गेले, अगदी जवळून, त्यांच्या सदऱ्याला रॉकेलचा वास येत होता. थांबले नाहीत.

लोक विचारतात, मोठेपणी मी ही गोष्ट दोघा-तिघांना सांगितली तेव्हा त्यांनी विचारलं, की तू वडलांची नोकरी वाचवायला तसं म्हणालीस ना? मी हो म्हणते. ते खरंही आहे. पण "न्हाईत" म्हणताना मला बरं वाटलं होतं, हेही खरं आहे. बारा वर्षांच्या मुलीच्या अंगात तेवढा राग असतो. कुणाला दिसत नाही इतकंच.

दुसऱ्या सकाळी गाडी गेली. मी धरणावर गेले नाही, खळ्यावर पेंढ्या आपटत राहिले. इंजिनाचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. त्या दिवशी जेवताना मामीने माझं ताट ओळीत मांडलं, तिच्या धाकट्याला मांडीवर घेऊन. मला घास उतरेना. मी ताट उचलून पुन्हा चुलीपाशी नेलं. परत तसं तिने कधी केलं नाही.

महिना-दीड महिन्याने अण्णा आले, एसटीने, वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन. मामाला म्हणाले, "काम सुटलं." यापेक्षा जास्त सांगितलं नाही. तळेगावकडच्या नवलाख उंबऱ्याजवळ कारखान्याच्या कामगारांची बस चालवायचं काम त्यांना मिळालं आणि माझं सातवीचं वर्ष संपल्यावर ते मला न्यायला आले. मामीने माझ्या पिशवीत तांदूळ भरला, तिळाची चटणी दिली, आणि केसांना तेल लावलं. शनिवार नव्हता. एसटीत बसेपर्यंत मला वाटत होतं की आता सगळं सुरू होणार.

नवलाख उंबऱ्यात आम्हाला एक खोली होती. पत्र्याची, पुढे सिमेंटचा ओटा. अण्णांची बस पहाटेच्या पाळीला जायची, परत यायची, दुपारच्या पाळीला जायची. मी शाळेतून आले की कुलूप उघडायचे, स्टोव्ह पेटवायचे, भात लावायचे. भिंतीपलीकडे बिहारकडची मुलं राहायची, त्यांच्या बोलण्यातलं मला काही कळायचं नाही. अण्णा आले की आम्ही जेवायचो. "झालं का?" "व्हय." "मीठ बरं हाय." तेवढं. मामाच्या घरात मला कुणी विचारायचं नाही, पण तिथे भांडणं होती, कोंबड्या होत्या, मामीचं तीन मुलांवर ओरडणं होतं. इथे वडील होते आणि शांतता होती. आम्हाला एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती, आणि ती लावून घ्यायला लागतात ती वर्षं निघून गेली होती. हाक न मारता मी बोलायला शिकले. "जेवन झालंय," "पानी तापलंय," अशी वाक्यं, ज्यांना पुढे-मागे कुणाचं नाव लागत नाही. दीड-दोन वर्षं तरी मी त्यांना अण्णा म्हणाले नसेन. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ताप होता मला, असं तेच सांगायचे. मला आठवत नाही.

मी शिकले, तळेगावात नोकरीला लागले, लग्न झालं. बसचं काम सुटल्यावर अण्णा माझ्याकडे राहायला आले. आता पवना धरणाकडे शनिवार-रविवारी तशा गाड्या रांगेने जातात, खिडक्यांना पडदे लावलेल्या. एकदा दूरदर्शनवर तशी गाडी दाखवत होते आणि आम्ही दोघं जेवत होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी विचारलं. एवढ्या वर्षांत विचारलं नव्हतं. "अण्णा, तुमचं ते काम कशानं सुटलं?"

त्यांनी घास खाली ठेवला. "म्याच सांगितलं बाईस्नी."

"कधी?"

"धरनावरनं निगालो त्याच दिशी. खंडाळ्याच्या अलीकडं, घाट लागायच्या आदी, गाडी कडंला घेतली. म्हनलं, बाई, ती पोरगी माझी हाय."

"मग?"

"सायब म्हनले, जो मानूस पोरीबद्दल खोटं बोलतो त्याच्या हातात गाडी कशी देऊ? दुसरा ड्रायव्हर मिळंस्तवर ठिवलं, मग जा म्हनले. चूक न्हवती त्येंची." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "बाई लय बोलल्या. म्हनल्या, ती डोक्यावर पानी आनत व्हती आन् तुमी मागं मोकळ्या हातानं चालत व्हता. मी बघितलंय खिडकीतनं. रडल्या त्या."

"पण सांगितलंत कशाला? मी तर म्हणाले होते न्हाईत म्हणून. मिटलं होतं."

"तू न्हाईत म्हनलीस," अण्णा म्हणाले, "आन् मी तितंच उभा व्हतो की."

त्यांनी भाताचा घास पुन्हा कालवला, बराच वेळ कालवत राहिले. मी त्यांच्या समोर, हाताच्या अंतरावर बसले होते. तो घास संपेपर्यंत त्यांना माझ्याकडे बघवलं नाही, आणि मलाही त्यांच्याकडे.